सॉल्टबर्नचं घर घ्यावं का? (घरचा ग्रुप)

दादा: मंडळी, फोटो टाकलेत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टबर्नमधलं घर विकायला निघालंय. तीन मजली, रांगेतलं, समुद्र चालत पाच मिनिटांवर. ३ लाख ४० हजार पौंड सांगतायत. आम्ही दोघं पार गुंतलोय त्यात.

वहिनी: गावही बघण्यासारखं आहे. १८६१ मध्ये रेल्वे आली आणि हेन्री पीझ यांनी कड्यावर अख्खं गाव आखून वसवलं. रस्त्यांना रत्नांची नावं: पर्ल, रूबी, एमराल्ड, डायमंड. खाली १८६९ चा पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला लांब धक्का. कड्यावरून उतरायला १८८४ ची लिफ्ट आहे, ती अजून पाण्याच्या वजनावर चालते!

आत्या: घर देखणं आहे रे. पण चौथ्या फोटोत खिडकीखाली ओल दिसतेय.

अण्णाकाका: मीही तेच बघत होतो. गाव वसलं त्या काळच्या विटांच्या भिंती भरीव असतात, मध्ये पोकळी नसते. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि वाऱ्याला परत सोडते. कुणी बाहेरून विटांमधले सांधे सिमेंटने भरले असतील तर ती ओल आत अडकते आणि वीट सोलवटते. आपल्याकडे जुन्या चिऱ्याच्या भिंतीला चुनाच लावतात तो याचसाठी. आधी वरची पन्हळ बघ, निम्मी ओल तिथूनच येते. नुसत्या बँकेच्या व्हॅल्युएशनवर जाऊ नकोस.

दादा: नाही काका, लेव्हल ३ चा, म्हणजे घराची सगळ्यात सखोल तपासणी असलेला सर्व्हे करणार. जुन्या घरांना तोच सांगतात.

छोटी: दादा, एक महत्त्वाचं. स्टँप ड्यूटीत 'पहिलं घर' घेणाऱ्याची सवलत धरलीयस का? ३ लाखांपर्यंत काही नाही, वरच्या ४० हजारांवर ५ टक्के, म्हणजे २,०००?

दादा: हो, तेवढेच धरलेत.

छोटी: ती सवलत तुला मिळणार नाही. बाबा गेल्यावर गावच्या घराला वारस म्हणून तुझं नाव लागलंय. जगात कुठेही, वारसाने मिळालेला हिस्सा असला तरी तू 'पहिल्यांदा घर घेणारा' उरत नाहीस. मग १ एप्रिल २०२५ पासूनच्या नेहमीच्या दराने ७,००० पौंड होतात.

वहिनी: अगं, आणि ते दुसऱ्या घराचे जादा ५ टक्के?

छोटी: ते लागले असते तर आणखी १७,००० गेले असते! पण ४० हजार पौंडांपेक्षा कमी किमतीचा हिस्सा त्यात धरत नाहीत. दादाचा नववा हिस्सा, त्याची किंमत तेवढी होणारच नाही. मात्र नवरा-बायको दोघांचं मिळून बघतात. वहिनी, तुझ्या नावावर पुण्यात काही?

वहिनी: काही नाही, फ्लॅट माझ्या बाबांच्याच नावावर आहे.

आत्या: मग हक्कसोडपत्र करून टाकूया का? पोराचे पाच हजार पौंड वाचतील. मी सहीला येते, नातेवाइकांचं काही बोलणं नको.

छोटी: नाही गं आत्या, उपयोग नाही. एकदा मालक झाला तो झाला, नंतर नाव कमी करून सवलत परत येत नाही.

दादा: आणि येत असती तरी मी नाव काढलं नसतं, आत्या. आजोबांच्या घरावरचं नाव आहे ते.

आत्या: ❤️

अण्णाकाका: बयाणा किती मागतायत? सर्व्हेआधी एक पैसा देऊ नकोस.

दादा: इथे ऑफरला बयाणा नसतो काका. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या, त्या वेळी साधारण १० टक्के भरायचे. धोका उलटा आहे, आपला सर्व्हे चालू असताना मालक दुसऱ्याची जास्तीची ऑफर घेऊ शकतो.

अण्णाकाका: घेऊ दे. ओल कुठून येते ते कळल्याशिवाय घर घ्यायचं नाही. आणि खिडक्या बदलायचा विचार असेल तर आधी कौन्सिलला विचार, जुना भाग संरक्षित असेल.

वहिनी: आहे काका. लाकडी खिडक्या तशाच ठेवायच्या, दुरुस्त करून. त्यांच्यासाठीच तर जीव अडकलाय.

छोटी: वकिलाला नववा हिस्सा, गावच्या घराची अंदाजे किंमत आणि वारसनोंदीची तारीख आजच कळव. नमुना ८ चा उतारा मी स्कॅन करून पाठवते.

आत्या: आणि सर्व्हेचा कागद आला की पूर्ण इथे टाक, नुसतं 'ठीक आहे' लिहू नकोस.