दिवाळी, मधली बाग आणि रॉकेटचा प्रश्न

सेक्रेटरी (ए-203): सर्वांना नमस्कार. लक्ष्मीपूजनाला यंदा गेटवर आणि पार्किंगमध्ये फटाके नकोत, मधल्या बागेत सगळ्यांनी एकत्र उडवावेत असं कमिटीत ठरलंय. वर्गणी काढून एकदाच आणू. काय काय हवं ते इथेच सांगा.

बी-501: रॉकेट पाहिजेच. पोरांनी डोकं खाल्लंय. आणि स्काय शॉटचा एक बॉक्स.

ए-104 काकू: मुळात फटाके पाहिजेतच कशाला? ह्यांना दम्याचा त्रास. दिवाळीभर खिडक्या लावून बसायचं का आम्ही?

बी-501: काकू, ग्रीन फटाके आणणार आहोत. त्यांना धूर नसतो.

बी-102 काका: असतो हो. नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने फटाक्यातलं मिश्रण बदललं, त्यामुळे धुरातले कण साधारण 30 टक्के कमी होतात, एवढंच. उरलेला धूर काकूंच्याच खिडकीत जाणार. आणि ठिणगी पूर्वीसारखीच भाजते. घेताना खोक्यावर नीरीचा लोगो आणि क्यूआर कोड बघा. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर दुकानदाराला परत द्या.

बी-102 काका: आता रॉकेट. फायर ब्रिगेडमध्ये नोकरी झाली म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या. आपली बाग दोन विंगांच्या मधे. बाटली कलंडली की रॉकेट आडवं सुटतं. सरळ गेलं तरी दोन इमारतींमधला वारा त्याला कुठे नेईल याचा नेम नाही. वर काय आहे बघा: दोरीवरचे कपडे, बाल्कनीतली रद्दी, आणि ए विंगच्या गच्चीवर पावसाळ्यातली ताडपत्री अजून तशीच. ती आधी काढायला सांगा, सेक्रेटरी साहेब. स्काय शॉटचं खोकं तर आणखी वाईट. पहिल्या दोन-तीन शॉटच्या धक्क्याने आडवं झालं, की उरलेले सगळे माणसांच्या दिशेने येतात, आणि मधेच थांबवता येत नाहीत. मोठं मैदान असतं तर मी काही बोललो नसतो. इथे जमिनीवर राहील तेच आणा.

बी-501: म्हणजे काय, नुसत्या फुलबाज्या? पोरं मला घरात घेणार नाहीत 😄

बी-102 काका: फुलबाजीला हसू नका. तिचं टोक हजार अंशांच्या आसपास तापतं. विझली की मुलं तार गवतात टाकतात आणि पुढच्याचा अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो. तार थेट पाण्याच्या बादलीत. भुईचक्र गवतावर नको, पेव्हर ब्लॉकवर लावायचं. पाऊस म्हणजे भुईनळा छान दिसतो, पण कधीकधी तोच फुटतो. म्हणून तो हातात धरायचा नाही आणि वर वाकून पेटवायचाही नाही. लांब उदबत्तीने, बाजूला उभं राहून, हात लांब करून. नाही पेटला तर जवळ जाऊन वात बघायची नाही, फुंकर तर मुळीच नाही. वीसएक मिनिटं तसाच राहू द्या आणि मग लांबूनच पाणी ओता. आणि करवंटी-डबा काही वर झाकायचं नाही, पत्र्याचे तुकडे उडतात.

ए-302 ताई: छोट्यांना नागगोळी चालेल ना? तिच्यात ना आवाज, ना ठिणगी.

बी-404 डॉक्टर: ताई, नको. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता. सर्वांत जास्त सूक्ष्म कण नागगोळीतून निघाले, हजाराच्या माळेपेक्षाही जास्त. आणि मुलं तर तिच्यावर वाकूनच बघतात.

ए-302 ताई: अरे देवा. आमच्याकडे दोन पाकिटं पडली आहेत.

सेक्रेटरी (ए-203): माळ कोणी लिहू नका. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच माळा आणि बेरियमवाले फटाके बंद केलेत. वेळही रात्री 8 ते 10.

ए-601 आजोबा: आणि नरक चतुर्दशीचं काय? पहाटे अभ्यंगस्नान झालं की पहिला फटाका आमच्या घरातला असायचा.

सेक्रेटरी (ए-203): आजोबा, रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके चालत नाहीत. कारीट फोडा.

ए-601 आजोबा: ते फोडतोच. त्याचा आवाज तुझ्या विंगपर्यंत येतो का?

बी-501: बरं, रॉकेट कॅन्सल. रविवारी मशीद बंदरला जाऊन लोकलने सगळं घेऊन येतो.

बी-102 काका: लोकलने अजिबात नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि गर्दीच्या डब्यात कोणी बिडी पेटवली तर कायद्याचं नंतर बघू. इथे आपल्या मुलुंडमध्येच लायसन्सवाल्या दुकानातून घ्या. आणल्यावर मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नका, मागच्या वेळी तिथेच ठेवले होते.

बी-404 डॉक्टर: भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. अंगठी-बांगडी लगेच काढा, नंतर सूज येते. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. त्या रात्री मी घरीच आहे. मुलींना नायलॉनचे घेरदार घागरे तेवढ्या दोन तासांपुरते तरी नकोत, सुती घाला. ओढणी घट्ट बांधा.

ए-104 काकू: आणि आमचा कुत्रा मोती? तो आवाजाने बाथरूममध्ये जाऊन बसतो.

ए-302 ताई: काकू, त्याला आमच्याकडे आणा. मागच्या बेडरूममध्ये पंखा आणि टीव्ही लावून ठेवते. आणि तुमच्या काकांनाही बसवा टीव्हीसमोर.

सेक्रेटरी (ए-203): फायनल करतो. फुलबाज्या, भुईचक्रं, पाऊस. रॉकेट, बॉम्ब, माळ, नागगोळी नाही. सात वाजता माळी सुका पाला झाडून लॉन भिजवेल. पाइप नळाला जोडूनच ठेवायचा, दोन बादल्या पाणी, एक वाळू. पेटवणारे दोघंच मोठे: बी-102 आणि बी-501. बाकी सगळे बाकांच्या मागे. बागेकडच्या फ्लॅटवाल्यांनी कपडे काढून खिडक्या लावून घ्या.

ए-601 आजोबा: एकच सुतळी बॉम्ब. गेटच्या बाहेर.

सेक्रेटरी (ए-203): आजोबा 🙏 वर्गणी शनिवारपर्यंत वॉचमनकडे द्या.