पीयूसी रद्द झाली म्हणून मुलं सुटली?
'बारावीच रद्द, मग मुलांना कसला ताण?' असं बरेच जण म्हणतात, ते काही पटलं नाही. २०२१ मध्ये कोरोनामुळे कर्नाटकात पीयूसी दुसऱ्या वर्षाची (म्हणजे बारावीची) परीक्षा रद्द झाली आणि निकालाला दहावीचे ४५, पीयूसी पहिल्या वर्षाचे (म्हणजे अकरावीचे) ४५ आणि अंतर्गत १० टक्के असा हिशोब धरला. आमची लेक पहिल्या वर्षी रेंगाळलेली, 'पुढच्या वर्षी भरून काढते' म्हणणारी. भरून काढायला जागाच उरली नाही! आठवडाभर घुम्यासारखी बसून होती. मग कळलं की त्या वर्षी इंजिनिअरिंगची रँक नुसत्या सीईटीवर, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेवर लागणार (एरवी निम्मा भार पीयूसीच्या गुणांचा). तेव्हा कुठे पुस्तकं उघडली.

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पालकांसाठी एक भर. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'टाइप ई' नावाचा वेगळा गट असतो. शिक्षण इथलं, कर्नाटकातलं चालतं, पण दाखले वेळेत जमवा, आणि एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. आम्ही तीही दिली, कोल्हापूरला. परतताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागितला. आधीच करून ठेवला होता म्हणून बरं. बाईसाहेब मागच्या सीटवर चुकलेली गणितं मोजत होत्या, मी मुकाट्याने गाडी हाकत होतो.