मदत हवी आहे: 'वन पीस' या जपानी ॲनिमे मालिकेतल्या झोरोची वाट चुकण्याची सवय कशी वाचायची?

कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लुफीच्या चाच्यांच्या टोळीतला तलवारबाज रोरोनोआ झोरो याच्या स्वभावावर लेख लिहितेय आणि एका जागी अडकलेय.

निष्ठेबद्दल शंका नाही. थ्रिलर बार्क या कथानकात (भाग ३७७) तो कॅप्टन लुफीच्या सगळ्या वेदना स्वतःवर घेतो आणि टोळीतल्याच सांजीने विचारल्यावर 'काहीच झालं नाही' एवढंच म्हणतो. तो प्रसंग आजही अंगावर येतो. वॉटर सेव्हन कथानकानंतरही, टोळी सोडून गेलेल्या उसॉपने माफी मागितल्याशिवाय त्याला परत घ्यायचं नाही, हे ठणकावतो तोच. कॅप्टनचा मान त्याला मैत्रीइतकाच मोठा वाटतो.

पण हाच माणूस सरळ रस्त्यावर हरवतो! जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज मिहॉक याच्या शोधात गाव सोडलं आणि परतीची वाटच सापडेना, म्हणून पोटासाठी समुद्री चाचे पकडू लागला, असं तो सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे ही सवय नुसती हसवण्यापुरती नाही, असं मला वाटतं.

बाराटी, थ्रिलर बार्क, वॉटर सेव्हन ही कथानकं पुन्हा पाहून झाली. मांगा (मूळ जपानी कॉमिक) वाचलेला नाही. वानो कथानकापर्यंतच पाहिलंय, पुढचं कृपया फोडू नका. फिलर (मूळ मांगात नसलेले) भाग आणि चित्रपटही नकोत.

झोरोच्या वाट चुकण्यामुळे लढाईचा किंवा कथेचा निकाल खरोखर बदलला, असे प्रसंग कोणत्या भागांत आहेत?