पिवळी पिल्लं सगळी यलो लॅब नसतात

निपाणीच्या दादांनी यलो लॅब (टाकीत पाळायचा पिवळा मासा, मूळचा आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातला) म्हणून बेळगावातनं आणलेल्या पिल्लांपैकी दोन निळसर पडायला लागलीत. त्यांच्या पोस्टवर कुणीतरी रोग समजून औषध टाकायला सांगितलंय. थांबा हो! मासे नीट खातायत, फिन (पर) पसरून फिरतायत, तर बहुतेक तो रोग नाही. नर वयात येतायत. फक्त ते यलो लॅब नाहीत, कारण लॅबचा नर मोठा झाला तरी पिवळाच राहतो.

मलावी तळ्यातल्या सौलोसी आणि जोहानी या दोन्ही जातींची पिल्लं पिवळी-नारिंगी असतात. माद्या तशाच राहतात, नर निळे होतात. आता पट्टे बघा. निळ्यावर उभे काळे पट्टे दिसले तर सौलोसी. गडद अंगावर डोक्यापासून शेपटीकडे दोन आडव्या फिकट निळ्या रेघा आल्या तर जोहानी, आणि मग टाकीत मारामारीची तयारी ठेवा.

लॅबची खूण पाठीवरच्या फिनमध्ये. तिथं लांबलचक काळा पट्टा असतो, पण अगदी बारक्या पिल्लात तो पुसट असतो, म्हणून इंचभर वाढेपर्यंत मी तरी ठाम बोलत नाही. लाइट लावल्या लावल्या बघू नका, घाबरलेला मासा फिका पडतो. काळा पट्टा तुटक आणि अंगावर नारिंगी झाक असेल तर रेड झेब्रा या दुसऱ्या मलावी माशाशी संकर झाल्याची शंका घ्या. अशांची पिल्लं लॅब म्हणून कुणाला देऊ नका.

पाणी राकसकोप धरणाचं असो की बोअरचं, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते) मोजाच. मलावी तळ्यात तो साधारण 7.7 ते 8.6 असतो.

दादा, त्या दोन निळसर पिल्लांचा बाजूनं काढलेला फोटो टाका, बघून सांगतो.