मदत हवी आहे: इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप, ठाणे किंवा नवी मुंबई

कळवेकर: मला इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करायची आहे. सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं, रबाळे-महापेच्या कंपन्यांना अर्ज टाकले. कुठूनच उत्तर नाही. काम येतं मला. कुठे अडतंय? लवकर सांगा, घरी रोज विचारतात.

ऐरोली_पूर्व: आयटीआय झालंय का? ट्रेड कोणता, इलेक्ट्रिशियन की वायरमन? वय? एवढं तरी लिही.

वागळे_फिटर: इकडे तिकडे फिरू नकोस, महावितरणची जाहिरात बघ. शिकाऊ उमेदवार घेतात, आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. मी तिथेच शिकलो. पोलवरची, डीपीवरची कामं जवळून बघायला मिळतात. पुढे विद्युत सहाय्यकाची भरती निघते तेव्हाही हाच ट्रेड मागतात.

खारीगाव: तो कळव्याचा आहे हो. कळवा, मुंब्रा, शीळची वीज 2020 पासून टोरंट या खासगी कंपनीकडे आहे.

वागळे_फिटर: बिल कोणाचं येतं याचा इथे काय संबंध? ठाण्यात महावितरण आहेच की.

कळवेकर: आयटीआय नाही, दहावी पास आहे. एका कंत्राटदाराकडे काम करतो. ते सगळ्यांना सांगतात, हा माझा अप्रेंटिस. हे धरत नाहीत का?

ऐरोली_पूर्व: हे पहिल्यांदाच लिहायचं होतं! कंत्राटदाराने पोर्टलवर तुझ्याशी करार नोंदवलाय का? कराराचा नंबर असतो, त्यावर तुझी नि त्यांची सही असते. तो नसेल तर कायद्याने तू अप्रेंटिस नाहीस, हाताखालचा मुलगा आहेस. किती माणसं आहेत त्यांच्याकडे?

कळवेकर: मालक धरून तिघं. करार वगैरे काही नाही.

ऐरोली_पूर्व: मग त्यांना अप्रेंटिस घेताच येणार नाही. किमान 4 माणसं लागतात. 4 ते 29 असतील तर मालकाची मर्जी, 30 किंवा जास्त असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं.

गॅरेजवाला_दिघा: कागदाच्या मागे का लागलाय सगळे? मी आयटीआय केलं नाही, आज माझ्याकडे पोरं कामाला आहेत. पाइपात स्प्रिंग टाकून वायर ओढताना कोपऱ्यात अडकली की काय करायचं ते वर्गात शिकवत नाहीत. उस्तादाकडे राहा, हात बसेल.

मीटररूम_ताई: दादा, हात बसतो हे मान्य. पण नव्या मीटरला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर परवाना असलेल्या कंत्राटदाराचीच सही चालते. माझ्या भावाला काम सगळं येतं, परवाना नाही. काम तो करतो, सही दुसऱ्याची, पैसेही दुसरा ठरवतो. या मुलाचं तसं होऊ देऊ नका.

गॅरेजवाला_दिघा: ते सहीचं खरं आहे.

सूर्यघर_फॅन: सोलर शिक! 2024 मध्ये घराच्या छपरावरच्या सोलरची पीएम सूर्यघर योजना आली, पुढचं सगळं काम छपरावर आहे.

घणसोली_सेक्टर: एवढे जाणकार जमलेत म्हणून विचारते. गीझर चालू केला की आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो, बाकी सगळं चालतं. काय असेल?

वागळे_फिटर: एलिमेंटमधून (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून) अर्थला लीकेज असणार. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असेल तर पडणारच, त्याच्यासाठीच तो लावतात. गीझर बंद ठेवा, एलिमेंट मेगर करून (मेगर मीटरने इन्सुलेशन तपासून) घ्या. आरसीसीबी बायपास करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कळवेकर: माझा धागा आहे. आयटीआय नसेल तर कंपनीत घेतच नाहीत का?

ऐरोली_पूर्व: दहावी पासलाही घेता येतं. पण त्याला आधी बेसिक ट्रेनिंग द्यावं लागतं, म्हणून कंपन्यांचा ओढा आयटीआयवाल्यांकडे. तुझे अर्ज बहुधा तिथेच पडून आहेत. 2019 च्या नियमांत महिन्याचा किमान स्टायपेंड दहावीला 6000, आयटीआयला 7000 धरला होता. दहावीला गणित-विज्ञान होतं ना? वय अजून सांगितलं नाहीस.

कळवेकर: होतं. 19 पूर्ण.

ऐरोली_पूर्व: मग आयटीआयच कर. इलेक्ट्रिशियन 2 वर्षं. नंतर कंपनीत 1 वर्ष, मग परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज निघतात, गुणांवर फेऱ्या होतात. इलेक्ट्रिशियनला गर्दी असते, म्हणून वायरमनही पर्यायात भर, त्यावरही लाइनची कामं मिळतात.

वागळे_फिटर: आणि तोवर रिकामा बसू नकोस. वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयमध्ये जा, अप्रेंटिसशिपचं काम बघणारे कोण ते विचार. दहावी पास मुलाला थेट घेणाऱ्या कंपन्या सध्या कोणत्या, बेसिक ट्रेनिंग कुठे, असे सरळ प्रश्न कर. मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक बरोबर ने. पोर्टलवरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघ.

कळवेकर: मार्कशीटवर वडिलांचं नाव आहे, आधारवर नाही. याने अडेल?

मीटररूम_ताई: अडू शकतं. आधार केंद्रावर आधी दुरुस्त करून घे, मग वागळेला जा.