मदत हवी आहे : शेजारच्या ओसाड घरावर न्यायालयाकडून रिसीव्हर (मालमत्ता सांभाळणारा तटस्थ व्यवस्थापक) नेमण्याबाबत

सप्रेम नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. शेजारचे घर मालकाच्या निधनानंतर तीन वर्षे बंद असून छत खचले आहे, अंगणात वाळलेले गवत कमरेएवढे वाढले आहे आणि गेल्या हिवाळ्यात आत कोणीतरी शेकोटी पेटवल्याने आमच्या कुंपणापर्यंत आग आली होती. नगरपालिकेने नोटिसा चिकटवल्या, पण वारस दाद देत नाहीत.

येथील आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम १७९८०.७ नुसार, आदेश देऊनही घर दुरुस्त न झाल्यास नगरपालिका किंवा त्या घरातील भाडेकरू न्यायालयाकडे रिसीव्हर नेमण्याची मागणी करू शकतात. आम्ही केवळ शेजारी असल्याने नगरपालिकेचेच मन वळवावे लागणार. रिसीव्हर घराचा ताबा घेऊन, त्याच घरावर बोजा चढवून कर्ज उभारतो व दुरुस्ती करतो. सांता मोनिका शहरातील अशाच एका घराच्या प्रकरणात तर २००८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घर पाडण्याची परवानगीही योग्य ठरवली होती. मात्र रिसीव्हर आणि वकिलांचा खर्च घराच्या किमतीतूनच जात असल्याने वारसांच्या हाती फारसे काही उरणार नाही, ही बाब मला खरोखर खटकते.

आपल्यापैकी कोणी या प्रक्रियेतून गेले आहे का? नगरपालिकेच्या वकिलाला छायाचित्रे, अग्निशमन दलाचा अहवाल की शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे अधिक उपयोगी वाटली? आणि अर्ज दाखल होण्यापूर्वी वारसांना स्वतः दुरुस्ती करण्यास किंवा घर विकण्यास राजी करणे कोणाला जमले असल्यास, ते कसे, हे कृपया सविस्तर कळवावे.