शब्दचर्चा : एक पान, सहा कामं. याला काय म्हणावं?

एका शब्दापाशी अडलेय, म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. रविवारी जेवणं उरकली की तिथे पट मांडला जातो. खेळणारे आम्ही चौघं: आत्या, दादा, दादाचा सहावीतला मुलगा आणि मी. गेले काही महिने एकच खेळ चाललाय, 'ब्रूज'. स्टेफान फेल्ड या जर्मन माणसाने रचलेला, २०१३ साली आलेला. बेल्जियममधलं कालव्यांचं ब्रूज शहर आपण उभं करायचं. आत्याने आयुष्यभर झब्बू, मेंढीकोट आणि सोंगट्या खेळल्यात, तिला इंग्रजी नियम कशाला वाचायला लावायचे? आणि भाच्याने खेळताना मराठीत बोलावं असं मला फार वाटतं. म्हणून सगळे नियम मराठीत लिहायला घेतले, आणि तिथेच गाडी अडली.

खेळ थोडा सांगते, कारण अडचण त्याच्या पोटातच आहे. एकूण १६५ पानं, पाच रंगांची. त्याच पाच रंगांचे पाच फासे. दर फेरीला हातात पाच पानं होतील इतकी उचलायची आणि त्यातली चार वापरायची. वापरण्याच्या तऱ्हा सहा. पान देऊन त्या रंगाचे दोन कामकरी घ्या. नाहीतर त्या रंगाच्या फाशावर जितके ठिपके आहेत तितकी नाणी घ्या. नाहीतर त्या रंगाच्या संकटाची एक चकती परत करा. नाहीतर वर पैसे भरून कालव्याचा एक तुकडा बांधा. नाहीतर तेच पान पालथं ठेवा, ते घर झालं. नाहीतर पानावर जो माणूस छापलाय त्याचे पैसे मोजून त्याला रिकाम्या घरात आणून बसवा. सहांतलं एकच करता येतं. एक केलं की बाकीची पाच गेली.

इंग्रजीत याला 'मल्टियूज कार्ड' म्हणून मोकळे होतात. मी वहीत 'बहुउपयोगी पत्ता' असं लिहिलं. आत्याने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, "हे काय गं? चूर्णाच्या डबीवर लिहितात तसं वाटतंय." तिचं बरोबर होतं. तो शब्द कुणाच्या तोंडी बसणार नाही.

बाकीचे बरेच शब्द मात्र घरातच सापडले, तेही सांगते.

'कामकरी' आधी 'मजूर' लिहिले होते. पहिल्याच दिवशी दादा म्हणाला, "दोन लाल गडी दे." तेव्हापासून गडीच. शेतावर गडी असतात, खेळातही गडी असतात, म्हणून घोटाळा टाळायला खेळणाऱ्यांना भिडू म्हणायचं ठरवलं.

'फासा' सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची विभक्ती मुलांच्या तोंडून निसटत चाललीय. माशावर, पैशावर, तसं फाशावर. भाचा सुरुवातीला "लाल फाशीवर पाच" म्हणायचा. दोनतीनदा नीट म्हणून दाखवलं, आता चुकत नाही. फासा टाकल्यावर जे पडतं ते दान. हा शब्द मला अतिशय प्रिय आहे. इंग्रजीतून येणारे 'रोल' किंवा 'स्कोअर' त्याच्या जवळपासही जात नाहीत, कारण दान आपण करत नाही, ते पडतं. या खेळात तर दानाला दोन तोंडं आहेत. फाशावर पाच किंवा सहा आले तर त्या रंगाच्या पानाला नाणी भरपूर मिळतात, पण प्रत्येक भिडूला त्या रंगाच्या संकटाची एक चकतीही घ्यावी लागते. पाच फाशांपैकी निदान एकावर पाच-सहा पडण्याची शक्यता शंभरात ८७ आहे, म्हणजे जवळजवळ दर फेरीला कुणीतरी सुस्कारा सोडणार. आत्या अशा दानाला 'उलटसुलट' म्हणते. ते मी वहीत तसंच लिहिलंय.

आता त्या चकत्यांचं. एकाच रंगाच्या तीन चकत्या जमल्या की त्या रंगाचं संकट कोसळतं. त्यांत एक आग आहे, एक पूर आहे. मी चकतीला 'धोका' म्हणत होते. जुलैतला रविवार होता, बाहेर पावसाची झड लागलेली. दादा म्हणाला, "धोका कसा? धोका पंचेचाळीसला. ही तर अजून चाळीसची आहे." बाहेरच्यांसाठी सांगते: आयर्विन पूल १९२९ चा, आणि कृष्णेचं पाणी आम्ही त्याच पुलावर मोजतो. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. चाळीस म्हटलं की आमच्याकडे कपाटातल्या खालच्या खणातली कागदपत्रं वर जातात. तेव्हा पहिली आणि दुसरी चकती म्हणजे इशाराच. संकट आलेलं नाही, पण हातपाय हलवायला हवेत. या अर्थाचा इतका नेमका शब्द मला कुठल्या कोशात मिळाला नसता, तो नदीने दिला. आता आम्ही "इशारा घेतला", "इशारा उतरवला" असं बोलतो. पाणी उतरतं तसाच इशारा उतरतो.

उरलं ते मूळ पान. तुम्ही काय म्हणाल?

साताऱ्याहून प्रतिसाद

ताई, 'हरकामी पान' कसं वाटतं? घरात एखादा हरकाम्या असतो, तो विहिरीवरही जातो, बाजारही करतो, तसं. 'बहुरूपी' हाही चांगला शब्द आहे. बहुरूपी एका वेळी एकच सोंग घेतो, आणि तुमचं पानही सहांपैकी एकच काम करतं.

दुसरं, प्रत्येक भिडू आपल्यासमोर घरं मांडतो त्या जागेला काय म्हणता? आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शाहू महाराजांनी शहर वसवलं ते पेठापेठांनी. मंगळवार, शनिवार अशा वारांच्या पेठा आहेतच, शिवाय चिमणपुरा आहे, यादोगोपाळ आहे. तुमच्या सांगलीत गावभाग, खणभाग, वखारभाग. पण खेळात 'माझा भाग' म्हटलं तर वाटणीतला हिस्सा वाटेल. म्हणून पेठ घ्या. क्रियापदही तयार आहे, पेठ वसवणे.

मिरजेहून प्रतिसाद

'पत्ता' अजिबात नको गं. शहर वसवण्याच्या खेळात पत्ता म्हणजे घराचा पत्ता, मुलं नक्की गोंधळणार. पत्ते हा खेळ, पान ही त्यातली वस्तू, असं आमच्या लहानपणी स्पष्ट होतं. पत्ते खेळायला बसायचं, पत्त्यांचा कॅट काढायचा, आणि हातात यायची ती पानं. पानं पिसायची, पानं वाटायची, पान टाकायचं. "भारी पत्ता टाकला" असं आमच्यात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

तसंच 'घर'. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरं असतात, सोंगटीही घरं मोजत चालते. तुमच्या पटावरच्या चौकोनांना घर म्हणू नका, रकाना म्हणा.

कराडहून प्रतिसाद

कार्ड म्हणा की सरळ. सगळ्यांना कळतं.

पुन्हा मी

सर्वांचे मनापासून आभार. पेठ घेतली. दादाची पेठ, आत्याची पेठ, लगेच तोंडात बसलं. पत्ता सोडला, पान ठेवलं, आणि ताई, तुमचा रकानाही वहीत चढला. कराडच्या दादा, कार्ड कळतं हे खरंच. दुकानात विकत आणताना मीही कार्डंच म्हणेन. पण कार्ड पिसता येत नाही, पालथंही पडत नाही. शब्द एकटा येत नाही, आपली क्रियापदं घेऊन येतो, आणि खेळताना तीच क्रियापदं दिवसभर लागतात.

'हरकामी' आणि 'बहुरूपी' दोन्ही मी रविवारी घेऊन गेले. 'बहुरूपी' मला स्वतःला जास्त आवडला होता. पण एक अडचण निघाली. बहुरूपी आज शंकर झाला तरी उद्या मारुती होऊन दारात येतो. हरकाम्याही संध्याकाळी तिथेच असतो. या पानाचं तसं नाही. एक काम करून ते जातं, आणि जाताना पाच शक्यता घेऊन जातं. खेळाची सगळी चुटपुट त्यातच आहे, आणि ती या दोन्ही शब्दांत येत नाही.

मग जे झालं ते सांगते. भाच्याच्या हातात एक जांभळं पान होतं, त्यावरचा माणूस त्याला हवा होता. पण त्याच्याकडे नाणी फक्त दोन, आणि जांभळ्या फाशावर सहा पडलेले. कितीतरी वेळ तो त्या पानाचा कोपरा अंगठ्याने वरखाली करत बसला. आत्या म्हणाली, "मोड की ते पान. अडीनडीलाच असतं ते. ठेवून काय करायलायस?"

मोड. मी पेन खालीच ठेवलं.

नोट मोडतात. बँकेतली ठेव मोडतात. लग्नकार्य निघालं, दवाखाना निघाला की पाटली मोडतात. तिन्हींत गोष्ट एकच: जपून ठेवण्यासारखं काहीतरी गरजेपायी दुसऱ्या रूपात घ्यायचं, आणि मूळ वस्तू परत मिळत नाही. पाटलीचे पैसे येतात, पण पाटली गेली याची हळहळ राहते. त्या जांभळ्या पानाचं अगदी हेच होतं. आत्याने हा शब्द मुद्दाम शोधला नव्हता. सराफ कट्ट्यावर तिने आयुष्यात जे केलं असेल नसेल, त्यातून तो आपसूक आला.

मग सहाही तऱ्हा पुन्हा तपासल्या. गडी, नाणी, इशारा उतरवणं आणि कालवा, या चारांत पान हातातून जातं. म्हणजे पान मोडून गडी घेतले, पान मोडून नाणी घेतली, पान मोडून इशारा उतरवला, पान मोडून कालव्याचा तुकडा काढला. उरलेल्या दोनांत पान जात नाही, पेठेत राहतं. पालथं असलं तर घर, उताणं असलं तर माणूस. त्याला 'मांडणे'. पान पालथं मांडलं, पान उताणं मांडलं. संसार मांडतात, दुकान मांडतात, डाव मांडतात, तसंच. मोडणे आणि मांडणे ही जोडी आपल्याकडे आधीपासून आहेच, मांडलेला डाव मोडतो म्हणतो आपण.

म्हणजे मी चुकीची गोष्ट शोधत होते. पानाला विशेषण लागतच नाही. भाच्याला नियम सांगताना आता पहिलं वाक्य असं आहे: "तुझी पाळी आली की एक पान मोड, नाहीतर मांड." मग मोडण्याचे चार प्रकार, मांडण्याचे दोन. आधी पाऊण पान खाणारा मजकूर आता पाच ओळींत बसतो.

एक काळजी घ्यावी लागते. 'घर मोडणे' याला आपल्याकडे फार जड अर्थ आहे. म्हणून संकट आल्यावर घर परत द्यायची वेळ आली तर तिथे 'मोडलं' वापरायचं नाही, 'घर पडलं' म्हणायचं. आत्याने हे स्वतःहून सांगितलं. भाच्याने लगेच वहीत त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

आता फक्त कालव्याचं राहिलंय. कालव्याचा तुकडा 'बांधला' की 'काढला'? दादा 'काढला' म्हणतो, कारण आमच्याकडे पाट काढतात. पण ब्रूजमधल्या कालव्यांतून होड्या चालतात आणि काठ दगडांनी बांधलेले आहेत, म्हणून मला 'बांधला' योग्य वाटतं. ज्यांच्या शेताला ताकारी किंवा म्हैसाळ योजनेचं पाणी येतं त्यांनी जरूर सांगावं, तुमच्याकडे कालव्याला कुठलं क्रियापद लावतात.